परत येताना किती मिनिटं लागली?

मोजता येत नाही अशी एकही गोष्ट या जगात नाही! असं माझं ठाम मत होतं. 'होतं' का, ते कळेलच.

मोजणं आमच्या घरातच आहे. वडील वालचंदनगरला कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. कॉलनीतल्या बाकीच्या मुलांना चेंडू मिळायचा, मला चेंडूचा व्यास मिळायचा! लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी प्रमोदिनीच्या पोळीची जाडी मोजली आणि "कडेला अर्धा मिलीमीटर जास्त आहे गं," असं अगदी प्रेमाने सांगितलं. त्यानंतर तीन दिवस मला पोळी मिळाली नाही. तेही दिवस मीच मोजले.

असा माणूस हॉस्पिटलात क्वालिटी कोऑर्डिनेटर झाला नसता तरच नवल! बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका टीचिंग हॉस्पिटलात, म्हणजे जिथे पेशंट बरे होता होता डॉक्टरही तयार होतात अशा ठिकाणी, मी अकरा वर्षं हे काम केलं. पण कंत्राटी. अकरा महिने काम, मग एक दिवस घरी, मग नवी ऑर्डर. कुणी सहज "कायमचा पत्ता" म्हटलं तरी माझे कान टवकारायचे.

त्यामुळे डीन साहेबांनी केबिनमध्ये बोलावून जे सांगितलं, ते ऐकून मी खुर्चीतून उठलोच.

"सोमनाथराव, आपल्या पोटविकार विभागाला नवा अभ्यासक्रम द्यायचा की नाही, ते ठरवायला पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी पुण्याहून परीक्षक येतायत. आपल्या कोलोनोस्कोपीचा दर्जा मोजून दाखवायचाय. जमलं, तर तुमच्या कायम नेमणुकीवर मी सही करतो!"

"साहेब, झालंच समजा!"

आता कोलोनोस्कोपी म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. आमच्याकडे तिला 'खालून दुर्बीण' म्हणतात. लांब नळी, तिच्या टोकाला कॅमेरा. ती मोठ्या आतड्याच्या पार शेवटापर्यंत न्यायची आणि मग बघत बघत, सावकाश परत यायचं. जाताना नुसती वाट काढायची असते, खरं बघणं परत येतानाचं. दर्जा ठरतो तो यावरच. पोट नीट साफ होतं का? दुर्बीण शेवटापर्यंत पोहोचली का? परत येताना निदान सहा मिनिटं घेतली का? आणि पॉलिप, म्हणजे आतड्यात आलेला कोंब, जो राहिला तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, तो वय झालेल्या चार पेशंटांत निदान एकाला सापडला का? कमी सापडले तर पेशंट ठणठणीत आहेत असं नव्हे. तुमचं बघणंच कच्चं आहे, असा त्याचा अर्थ होतो.

ही सहा मिनिटं मोजायची कशी? शिकाऊ डॉक्टरांना विचारलं तर सगळे सहाच सांगणार! मग मला एक नामी युक्ती सुचली. आमचे बरेच पेशंट तपासणीत जागेच असतात, आणि समोर भिंतीवर घड्याळ आहे. पेशंटलाच विचारू! एवढा निःपक्षपाती साक्षीदार दुसरा कोण मिळणार? मी अगदी सोप्या मराठीत फॉर्म छापून घेतला: 'शेवटपर्यंत पोहोचले का?' 'परत येताना किती मिनिटे लागली?' 'काही सापडले का?' आणि वर लिहिलं, 'घरी जाऊन निवांत भरावा.'

सोपी मराठी! तिनेच घात केला.

सत्तेचाळीस फॉर्म आले. मी बेरीज केली, भागाकार केला आणि सरासरी काढली. चौऱ्याहत्तर मिनिटं! मागितली होती सहा, आम्ही दिली चौऱ्याहत्तर! अभिमानाने माझा ऊर भरून आला. तसाच्या तसा तक्ता मी परीक्षकांना ईमेल करून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीन साहेबांचा आवाज पार रक्त तपासणीच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.

"चौऱ्याहत्तर? अहो, आतड्यातून परत येतोय आपण, का अष्टविनायक करून? परीक्षकांचा फोन होता. ते विचारतायत, तुमचे डॉक्टर आत जेवायला थांबतात का!"

मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन डॉ. श्रियाकडे धावलो. श्रिया म्हणजे विभागातली शिकाऊ डॉक्टर. हात हलका, जीभ तिखट. तिने चार फॉर्म चाळले आणि टेबलावर डोकंच टेकवलं.

"सोमनाथकाका, पणदऱ्याच्या आजी बघा. शेवटपर्यंत पोहोचले का? 'नाही. गाडी माळेगावातच बंद पडली.' काही सापडले का? 'होय. चप्पल. बाकड्याखाली होती.'"

"असं कसं होईल?" म्हणत मी सगळ्यात मोठा आकडा लिहिलेल्या पेशंटला फोन लावला. शेळगावचे नाना. दुधाचा धंदा, वय बासष्ट.

"नाना, परत येताना एकशे तीस मिनिटं लागली?"

"व्हय की! यष्टी चुकली. मंग टमटम गावली. मंग फाट्यापास्नं चालत."

"अहो, तुमचं नाही. दुर्बीण परत यायला किती वेळ लागला?"

"ती कुठं आली? ती तुमच्याकडंच हाय न्हवं!"

मी फोन ठेवला. मशीनच्या रेकॉर्डिंगवरून आम्ही रात्रंदिवस बसून खरे आकडे काढले. परतीची सरासरी साडेसहा मिनिटं. म्हणजे काम चोख होतं! पॉलिप मात्र सत्तेचाळीसात अकराच जणांना. चौथा हिस्सा भरायला एक कमी. पण हे नवे आकडे बघायला परीक्षक तयार कुठे होते?

"तुमच्या कागदांवर माझा विश्वास नाही," ते म्हणाले. "शुक्रवारी दुपारी तीन वाजता शिकाऊ डॉक्टरने माझ्यासमोर एक तपासणी करायची. घड्याळ मी लावणार. पाच वाजता मी निघणार."

डीन साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ही एक तपासणी नीट झाली तर सही. नाहीतर सोमनाथराव, या वेळचा तुमचा एक दिवसाचा खंड जरा लांबेल."

मग माझी झोप उडाली. जेवताना घास मोजायचो आणि मधेच विसरायचो. प्रमोदिनी म्हणाली, "अहो, बसा जरा! फरशी झिजेल." मी किती येरझाऱ्या घातल्या ते तिला सांगणार होतो, पण तिचा चेहरा बघून खाली बसलो.

तपासणीसाठी नानांनाच बोलावलं. मागच्या वेळी त्यांचं पोट साफ नव्हतं, म्हणून दुर्बीण अर्ध्यातून फिरली होती, आणि तपासणी पुन्हा करायचीच होती. पोट साफ का नव्हतं, हेही मी खोदून विचारलं.

"ते औषध लई खारट," नाना म्हणाले. "निम्मं म्हशीपुढं ठिवलं. तिनंबी तोंड फिरीवलं."

तेव्हाच मी ठरवलं. या वेळी औषध माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हाताने, मोजून!

शुक्रवारी सकाळी सहाला नाना आणि त्यांच्या पत्नी अक्काबाई हजर झाले. मी औषधाची पावडर पाण्यात कालवली, लिंबाच्या स्वादाची, आणि एक एक लिटरच्या दोन बाटल्या भरल्या. अक्काबाईंनी घरून लिंबाचं सरबत आणलं होतं, गाळलेलं, तेही दोन बाटल्या. गाळलेलं सरबत चालतं. पण चारही बाटल्या पाण्याच्या, एकाच आकाराच्या, एकाच निळ्या झाकणाच्या! चिठ्ठ्या चिकटवायच्या सोडून मी काय करत होतो? औषध बरोब्बर दोन लिटर भरलंय का, ते खाली वाकून बघत होतो. तेवढ्यात अक्काबाईंनी "किती वल्लं झालंय हितं!" म्हणत टेबल पुसलं आणि बाटल्या पुन्हा नीट मांडून ठेवल्या. फार टापटिपीची बाई.

"हां, नाना. पंधरा मिनिटांनी एक ग्लास. असे आठ. करा सुरू!"

नानांनी ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एकट्यानंच प्यायाचं?"

"मग?"

"बरं दिसत न्हाय ओ. तुमी नुसतं उभं, आन् मी आपला ढोसतोय. तुमीबी घ्या."

"नाना, हे औषध आहे!"

"म्हणून तर म्हणतोय!"

अक्काबाई मधे पडल्या. "भाऊ, तुमी आमचं सरबत घ्या. ह्यास्नी जोडीला कुणी असलं म्हंजी उतरतंय घशाखाली. न्हायतर परत म्हशीची पाळी."

मला ही कल्पना फार आवडली. पेशंटला सोबत! क्वालिटीच्या पुस्तकातसुद्धा असं कुठे लिहिलेलं नाही! शिवाय आदल्या दिवशी माझा गुरुवारचा उपवास, त्यात काळजी, नुसत्या चहावर दिवस काढलेला. घसा कोरडा पडला होता. आम्ही ग्लासाला ग्लास भिडवला.

सरबत जरा खारट होतं. जरा म्हणजे चांगलंच. पण बाईमाणसाने पहाटे उठून, लिंबं पिळून शेळगावाहून आणलेलं. तोंड वाकडं कसं करणार? मी म्हणालो, "वा! अक्काबाई, हाताला चव आहे हो!"

"घ्या की मंग अजून!"

तिकडे नाना ओठ चाटत होते. "सायेब, औषध लई सुधारलं तुमचं! ग्वाड लागतंय."

"क्वालिटी, नाना! क्वालिटी!" मी छाती पुढे काढून म्हणालो आणि दुसरा ग्लास संपवला.

आठच्या ठोक्याला आठ ग्लास झाले. नानांचे आठ आणि माझे आठ. रजिस्टरमध्ये मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'औषध पूर्ण घेतले. देखरेख: सोमनाथ.'

साडेआठला पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं. मी म्हटलं काळजी असेल. पावणेनऊला मी कॉरिडॉरमधून जरा घाईने चाललो होतो. आठ पन्नासला मी धावत होतो! समोरून डीन साहेब आले आणि "सोमनाथराव, तयारी कुठवर?" असं विचारलं. "साहेब, अगदी शेवटच्या टप्प्यात!" असं ओरडून मी कोपऱ्यावर वळलो. यात काही खोटं नव्हतं.

अकराला परीक्षक आले आणि हॉलमध्ये माझं सादरीकरण सुरू झालं. "पहिला मुद्दा, पोट साफ असणे," एवढं बोललो आणि माईक श्रियाच्या हातात कोंबून पळालो. परत आलो, "दुसरा मुद्दा" म्हटलं, पुन्हा पळालो. परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "हे गृहस्थ प्रात्यक्षिक देतायत का?" मी सहाव्यांदा परत आलो तोवर श्रियाने सादरीकरण संपवून टाकलं होतं. टाळ्या मी दाराआडून ऐकल्या. कुठल्या दाराआडून ते विचारू नका.

दुपारी एकला माझी अकरावी फेरी झाली. हो, मोजत होतो! भिंत धरून धरून मी वॉर्डात गेलो. नाना कॉटवर पाय पसरून गाढ झोपलेले.

"नाना! अहो नाना! किती वेळा झालं?"

"काय झालं?"

"म्हणजे... जाऊन आलात का?"

"कुठं?" नानांनी लांब ढेकर दिली. "कायबी न्हाय बगा. झ्वाप मातर झ्याक लागली. आता भाकरी कवा?"

श्रिया माझ्या मागेच उभी होती. तिने टेबलावरची एक रिकामी बाटली उचलली, तळाचा थेंब बोटावर घेऊन चाखला. मग दुसरी. मग माझ्याकडे बघितलं.

"काका, नाना दोन लिटर सरबत प्यायलेत."

"मग मी काय प्यायलो?"

तिच्या उत्तराची गरजच नव्हती, कारण मी बाराव्यांदा निघालो होतो.

दोन वाजता आम्ही डीन साहेबांच्या केबिनमध्ये जमलो. सकाळच्या यादीतले पेशंट संपले होते. नानांना आता औषध दिलं तरी संध्याकाळ होणार, आणि परीक्षक पाचला निघणार. साहेब माझ्याकडे बघतही नव्हते, आणि ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागत होतं. अकरा वर्षं! एका निळ्या झाकणापायी! मला सरळ रडू येत होतं.

तेवढ्यात श्रियाने हळूच विचारलं, "काका, तुमचं वय किती?"

"एक्कावन्न."

"शेवटचं कसं झालं?"

"नितळ. पाण्यासारखं. पण तू हे का..."

मी थांबलो. साहेबांनी मान वर केली. केबिनमधले सगळे माझ्या पोटाकडे बघत होते.

"या वयात एकदा करून घ्यायलाच हवी काका," श्रिया म्हणाली. "पण तुमची मर्जी असेल तरच. नाही म्हणालात तरी मला राग नाही येणार."

सत्तेचाळीस जणांना मी मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, 'घाबरण्यासारखं काही नाही!' आता ते वाक्य माझं मलाच पटेना. पण दुसरा इलाज काय होता? मी प्रमोदिनीला फोन केला.

"अगं, जरा येतेस का हॉस्पिटलात? सही हवीय. मला दुर्बीण घालतायत."

"काय झालं तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला.

"सरबत."

ती वीस मिनिटांत रिक्षाने आली. सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा खालून वर बघितलं आणि फॉर्मवर सही ठोकली. "आयुष्यभर लोकांचं मोजलंत. आता पडा आडवे, तुमचं मोजू दे!"

तीन वाजता मी टेबलावर डाव्या कुशीवर पडलो होतो, मागून उघडा झगा घालून. समोर स्क्रीन, भिंतीवर तेच घड्याळ. गुंगीचं औषध थोडंसंच दिलेलं, त्यामुळे अक्कल गेली पण जीभ चालू राहिली. परीक्षक माझ्या डोक्यापाशी, हातात स्टॉपवॉच.

"पोट कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"नऊपैकी नऊ," श्रिया म्हणाली. "काचेसारखं स्वच्छ."

मला इतका अभिमान वाटला की मी "थँक्यू" म्हणालो. नळी वळणं घेत सात मिनिटांत शेवटाला पोहोचली. परीक्षकांनी स्टॉपवॉच दाबलं. परतीचा प्रवास सुरू झाला आणि मी घड्याळावर नजर रोखली. दोन मिनिटं. चार. श्रिया प्रत्येक घडीमागे थांबून बघत होती, पुन्हा मागे जात होती. माझा जीव कासावीस झालेला.

"सहा!" मी ओरडलो. "सहा झाली! पास! काढा आता बाहेर!"

"काका, गप्प पडा. माझं बघून नाही झालं."

"अगं, सहा झाली ना! नियम..."

"नियम निदान सहाचा आहे. तुम्हीच शिकवलात."

आठव्या मिनिटाला तिचा हात थांबला. स्क्रीनवर एका घडीच्या आड हरभऱ्याएवढा लालसर कोंब होता. एवढासा. परीक्षक स्टॉपवॉच विसरून पुढे वाकले. मी प्रमोदिनीला शोधायला मान वळवली, पण ती दाराबाहेर होती. आयुष्यात पहिल्यांदा मला समोरच्या वस्तूचं माप विचारावंसं वाटलं नाही.

"आहे एक," श्रिया हळू आवाजात म्हणाली. "काढते. दुखणार नाही." आणि तिने तारेच्या फासात धरून तो अलगद काढला.

कोंब तपासायला गेला. शनिवार ते मंगळवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. मी घाबरलो होतो, उगाच लपवत नाही. प्रमोदिनी शेजारी बसायची. एकदा तिने पोळी माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "मोजा हवं तर." मला मोजवेना.

मंगळवारी डीन साहेबांनी बोलावलं. हसतमुख उभे! "अभिनंदन, सोमनाथराव! तुमचा पॉलिप धोक्याच्या जातीचा निघाला!"

मी खुर्ची धरली. "साहेब?"

"अहो, म्हणजे राहिला असता तर पुढेमागे बिघडला असता. आता मुळासकट निघालाय, कॅन्सर नाही. तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण, बस! आणि गंमत बघा. अठ्ठेचाळीस पेशंट, बारा पॉलिप. बरोब्बर चौथा हिस्सा! परीक्षक खूश आहेत. फक्त..." ते जरा चाचरले. "एक अडचण आहे. त्यांचं पत्र आलंय. आकडे मोजणारा माणूस स्वतः आकड्यांत बसलेला चालत नाही. एक तर पेशंटांच्या यादीतून तुमचं नाव काढायचं, म्हणजे पॉलिप पुन्हा अकरा आणि अभ्यासक्रम गेला. नाहीतर क्वालिटीच्या खुर्चीतून तुम्हाला काढायचं. आणि कायमची जागा आहे ती त्या खुर्चीची." त्यांनी घसा खाकरला. "तुम्हीच सांगा. तुमचा पॉलिप ठेवायचा, की तुम्हाला?"

दारात श्रिया उभी होती. तिला आतलं ऐकू येत होतं, पण ती जमिनीकडे बघत होती. मला ते आठवं मिनिट आठवलं. माझं ऐकून ती सहाव्यालाच थांबली असती, तर आकडा चोख भरला असता, आणि तो हरभरा माझ्या पोटात राहिला असता.

"पॉलिप ठेवा, साहेब," मी म्हणालो.

सध्या मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी मोजतो. परवा श्रिया नव्या अभ्यासक्रमाचं पत्र दाखवायला आली होती, त्याला जोडलेल्या तक्त्यात बारावा आकडा माझा आहे. तिथे पक्क्या शाईत, शिक्क्यासकट, माझा पॉलिप कायम झालाय. मी अजून कंत्राटीच आहे!